रस्त्याकडून बोलणारे किसनमामा

परक्या माणसाच्या गाडीच्या काचेतून आत डोकं घालायचं आणि आतल्या मोबाइलला खुलासा मागायचा, हे काम आमच्या भागात एकच माणूस करतो. किसनमामा. गाडीवाला बिचारा आधीच चिखलात रुतलेला, बायको त्याच्याकडं खाऊ का गिळू बघतेय, मागं लेकरं रडतायत, आणि हे मामा सगळ्यांना सोडून मोबाइलला विचारणार, "काय हो बाई, काहून सांगितलं तुमी ह्यायला इकडून जायाला? बराबर हाय का हे?"

बाई म्हणणार, "दोनशे मीटर सरळ जा."

"सरळ वढा हाय!" मामा ओरडणार. "वढ्यात घालू का गाडी? तुमी कवा आल्ता का इकडं? पाह्यलं का डोळ्यानं?"

आता मोबाइल काय बोलणार! बाई गप बसते. मग मामा गाडीवाल्याकडं वळून विजयी मुद्रेनं सांगतात, "पाह्यलं? खुलासा न्हाई तिच्याकडं."

हा 'खुलासा' मामांच्या रक्तात आहे. बत्तीस वर्षं एसटी चालवली. गाडी उशिरा आली, लिहा खुलासा. स्टॉपवर थांबली नाही, लिहा खुलासा. मामा म्हणतात, "आमी उभा जन्म खुलासे देले माय. आता हिनं एक द्यावा. लेखी."

माझं कनेरगाव नाक्यावर दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पीकविमा, पॅनकार्ड, शाळेचे फॉर्म. सकाळी शटर वर केलं की लोक डोक्यावर येऊन बसतात आणि "ताई, माझं तेवढं आधी" म्हणतात. तीन वर्षांपूर्वी अशाच गर्दीत मामा पहिल्यांदा आले. आले ते थेट आत नाही. आधी बाहेर उभ्या असलेल्या माझ्या स्कूटीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, बुटाच्या टोकानं दोन्ही चाकं दाबून बघितली, मग उंबऱ्यात येऊन म्हणाले, "मागलं चाक बसलंय माय, हवा मारून घे. आन एक तक्रार लिहायची हाय."

"कुणाविरुद्ध?"

"ती मोबाइलमधी रस्ता सांगती ना, त्या बाईविरुद्ध."

पीकविम्याच्या रांगेतली माणसं खो-खो हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू? मामा मात्र हसले नाहीत. खाकी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. वर शीर्षक होतं, 'महोदया'.

प्रकरण असं. नाक्यापासून तीनेक किलोमीटरवर एक पाणंद फुटते. शेतात जायची गाडीवाट. ती मामांच्या आखाड्यावरून जाते. (शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात, तिथं कुस्ती होत नाही.) आखाड्याच्या पुढं ओढा, ओढ्यावर फरशी, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल, आणि पलीकडं वाट काट्याकुट्यात नाहीशी. बैलसुद्धा मनापासून जात नाही तिकडं. पण मोबाइलच्या नकाशात ही पाणंद म्हणजे चांगला रस्ता! पलीकडच्या डांबरी रस्त्याला जाऊन भिडतो, आणि नऊ मिनिटं वाचतात. त्या नऊ मिनिटांच्या लोभापायी माणसं चार-चार तास मामांच्या बाजेवर बसलेली आहेत.

मी तक्रार टाइप करून नकाशावाल्या कंपनीला पाठवली. 'कळवल्याबद्दल आभार' एवढं उत्तर आलं, झालं काहीच नाही. मामा पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. मग त्याच्या पुढच्या. "माय, आणखी तीन गाड्या आल्या. लिही." कुठून आली, कुठं चालली, बाई काय म्हणाली, सगळं तोंडपाठ. लिहून झालं की मला वाचून दाखवायला लावायचे आणि मध्येच थांबवायचे. "तिला लई टाकून बोलू नको. तिची काय चूक? तिला कोणीतरी जुना नकाशा देल्ला असंल."

एकदा ग्राहक तक्रारीचा एक फोन नंबर मिळाला. पलीकडची पोरगी हिंदीत गोड आवाजात विचारू लागली, गाडी कोणती? मामा म्हणाले, गाडी न्हाई. मोबाइल कोणता? बटनाचा. मग आप ग्राहक कैसे हुए? मामांनी जरा विचार केला आणि फोनमध्ये मोठ्यानं सांगितलं, "मी ग्राहक न्हाई बाई. मी रस्त्याकडून बोलून राहिलो."

फोन कट झाला. पण तेव्हापासून नाक्यावर मामांचं नावच पडलं, रस्त्याकडून बोलणारे.

खरंच, ज्या माणसानं गाड्यांविषयी एवढ्या तक्रारी केल्या, त्याच्याकडं साधी मोपेड नाही. सायकलवर येतो. पण कुठली नवी गाडी नाक्यावर थांबली की मामा तिच्याभोवती फिरणार. मागच्या दिवाळीच्या आधी हैदराबादकडची एक मोठी गाडी थांबली होती. मालक घामाघूम. सोयाबीनचे दिवस, आमच्याकडं निम्म्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं आणि त्याच्या कडेनं दगडांची रांग. त्या गाडीला म्हणे रस्त्यावरचा पट्टा ओळखून आपोआप सरळ चालायची अक्कल होती. तिनं दगडांची रांग म्हणजे सरकारनं मारलेला पट्टा समजला आणि ऐन वेळी स्टेअरिंग भलतीकडं ओढलं. "मैंने नहीं घुमाया जी, गाडी ने घुमाया!" तो माणूस कळवळून सांगत होता आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

मामांनी ठेवला. म्हणाले, "मला बसू द्या, पाह्यतो." मालक शेजारी, मामा स्टेअरिंगवर, गाडी सोयाबीनच्या कडेकडेनं चालली. आम्ही दुकानातून बघतोय तर आत मामांची झटापट चालू. "सोड! सोड म्हणतो ना! अय!" परत आले ते शर्ट ओला करूनच.

"ह्या गाडीत आणखी एक ड्रायवर बसेल हाय," मामांनी जाहीर केलं. "दिसत न्हाई, पण हाय. आन एका स्टेरिंगवर दोन ड्रायवर म्हंजी अपघात. लिही माय."

मी लिहिलं: 'आमच्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीला रस्त्याच्या एका अंगाला सोयाबीन असते, हे गाडीस शिकवावे. तोपर्यंत दुसऱ्या ड्रायव्हरला खाली उतरवावे.' गाडीच्या कंपनीनं उलट चेसिस नंबर मागितला. मामांनी त्या माणसाला फोन करून तो घेतला, आणि फोनवर वीस मिनिटं त्याच्या आईचं गुडघ्याचं दुखणं ऐकून घेतलं.

हेच तर होतं! रुतलेली माणसं मामांची सोयरी होऊन जायची. "आपले नागपूरचे साहेब", "आपली ती लातूरची मास्तरीण". मामी जाऊन सहा वर्षं झाली. पोरगा पुण्याला कंपनीत, दर रविवारी फोन, "बाबा, औषध घेता ना?" एवढंच. दोन्ही पोरी आपापल्या घरी. आखाड्याच्या आसपास एक किलोमीटर चिटपाखरू नाही. अशा जागी गाडी रुतायची ती नेमकी आखाड्याच्या अलीकडच्या वळणावर, पिकाला सोडलेल्या पाण्यानं भिजलेल्या काळ्या मातीत. मामांना इंजिनाचा घरघराट ऐकू यायचा. ते आधी चुलीवर चहा टाकायचे आणि मग बाहेर पडायचे. शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर येईपर्यंत पाहुणे बाजेवर. चहा, मग शेंगा, उशीर झाला तर पिठलं-भाकर. एकदा तर अख्खा नवरदेव रुतला होता. लग्नाची घटका टळत होती, करवल्या रडकुंडीला आल्या होत्या, आणि नवरदेव फेटा काढून तिसरी भाकर मागत होता म्हणे. मामा ही गोष्ट सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात.

मामांच्या तक्रारीत एक ओळ मात्र मला पहिल्यापासून खटकायची. दर वेळी शेवटी ते सांगायचे, "लिही, सदर रस्ता मिरगापासून दसऱ्यापर्यंत बंद ठेवावा. दसऱ्यापासून मिरगापर्यंत चालू ठेवण्यास आमची हरकत न्हाई."

"मामा, कायमचाच बंद करा म्हणू की! कटकट जाईल."

"असं एकदम काहून बंद करायचा?" मामा बाहेर बघत म्हणायचे. "पावसाळ्यात फरशीवरून पाणी जातंय, माणूस वाहून जाईल, म्हणून बंद. उन्हाळ्यात काय तकलीफ हाय? जरासक रुततेत. मी काढतो की."

पण नकाशावाल्यांच्या फॉर्मवर चौकटी दोनच. 'रस्ता आहे' आणि 'रस्ता नाही'. मिरीग-दसरा विचारणारी चौकट कुणी केलेलीच नव्हती. मी त्यांना हे शंभरदा समजावलं. मामा म्हणायचे, "मंग आज ऱ्हाऊ दे. मी बसतो की फाट्यावर." आणि खरंच बसायचे. मृग लागला की सकाळपासून बाभळीखाली, हातात लाल फडकं. कुठली गाडी वळली की आडवे. तीन पावसाळे त्यांनी एकही चाक ओढ्यापर्यंत जाऊ दिलं नाही. लोक वेडं म्हणायचे. मीसुद्धा एकदा-दोनदा म्हणाले असेन.

यंदा पोळ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. चार दिवस चांगली उघाड होती, ऊन कडक. दुपारी चारच्या सुमाराला एक माणूस माझ्या दुकानात आला. बाहेर गाडीत बायको, सासू आणि सात-आठ महिन्यांचं लेकरू. म्हणाला, "ताई, पाणी द्या. आणि वाशिमचा रस्ता तोंडी सांगा. मोबाइल नको."

मग त्यानं सांगितलं. बाईच्या सांगण्यावरून तो पाणंदीला वळला. फाट्यावर कुणी नव्हतं. ऊन पडलेलं, वाट सुकलेली, गाडी कुठं अडकली नाही. ओढ्याच्या फरशीवर वीतभर गढूळ पाणी दिसलं. पाऊस तर नाही, म्हणून यानं गाडी घातली. वरच्या अंगाला पाऊस पडला होता आणि पाणी चढत होतं, हे त्याला काय माहीत? पुढची चाकं पाण्यात गेली आणि कुठून तरी एक म्हातारा ओरडत, धावत आला आणि सरळ बॉनेटवर पडला. "मला वाटलं लुटारू आहे. मी हॉर्न वाजवला हो त्यांच्यावर!" म्हातारा काचेवर हात आपटून ओरडत होता, "मागं! मागं घे! स्टेरिंग सरळ धर!" याला मागचा गिअरच सापडेना. म्हातारा पाण्यात उतरला, खिडकीतून हात घालून स्टेअरिंग धरलं आणि गाडी मागं घ्यायला लावली. पाच मिनिटांत फरशी दिसेनाशी झाली आणि एक अख्खंच्या अख्खं बाभळीचं झाड वाहत गेलं.

"त्या बाबांचं नावही विचारलं नाही मी," म्हणाला आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. गुडघा फुटलेला, त्यावर हळद. स्कूटीकडं बघितलंसुद्धा नाही. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "लिही माय. रस्ता न्हाई."

"मामा, गुडघा दाखवला का कुणाला?"

"लिही आधी. रस्ता न्हाई. कायमचा काढा म्हण."

मी चौकट उघडली. खरं तर मला बरं वाटलं होतं. अखेर शहाणपण सुचलं म्हातारबुवाला, असंच आलं मनात. पण मामा बोलतच राहिले, आपल्याशीच बोलल्यासारखे. "उघाड व्हती म्हणून फाट्यावर बसलो न्हाई, आखाड्यावरच व्हतो. गाडीचा आवाज आल्ता मला. लांबूनच आल्ता. उठून पळालो असतो तर वळणावरच धरली असती."

"मग?"

"मी आधी चहा टाकला."

मी खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"रोजच्यासारखं. म्हणलं रुतंल वळणावर. येतेत हिकडंच. दूध व्हतं, म्हणलं आज दुधाचा करू. चांगला उकळू देला." मामांनी दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. "आवाज थांबला न्हाई तवा कळलं की वळण सुकेल हाय. त्या लेकराला काही झालं असतं, तर म्या काय खुलासा देला असता? पावसाळ्यात बंद आन उन्हाळ्यात चालू. कशाला पाह्यजे व्हता मला चालू? सांग की तू. ज्यायला रस्ता माहीत हाय ते येत न्हाईत, म्हणून चुकेल लोकायची वाट पाहून राहिलो मी."

रांगेत चारजण होते. कुणी हसलं नाही. मी 'रस्ता नाही' या चौकटीवर खूण केली आणि विचारलं, "पाठवू?"

"पाठव," मामा म्हणाले. मग उठले आणि सायकल हातात धरून चालत गेले. गुडघा वाकत नव्हता.

ह्या वेळी मात्र तिकडच्यांनी ऐकलं. कदाचित त्या गाडीवाल्यानंही लिहिलं असेल. दसऱ्याच्या आत ती पाणंदीची रेघ नकाशावरून गेली. मी मामांना स्क्रीनवर दाखवली. जिथं रेघ होती तिथं नुसता हिरवा रंग. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"माझा आखाडा?"

"तो कधीच नव्हता मामा नकाशात. फक्त रस्ता होता."

"बराबर," मामा म्हणाले.

त्यानंतर एकही गाडी चुकली नाही. जीव वाचवणारी गोष्ट झाली, याच्याबद्दल दुमत नाही. पण दिवाळी आली आणि पोराचा फोन आला की कंपनीत काम आहे, सुट्टी मिळत नाही. पोरी भाऊबीजेला येऊन एका दिवसात परतल्या. आणि मामा रोज दुकानात येऊ लागले. तक्रार नाही, कागद नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे, लोकांचे फॉर्म बघायचे, कुणाचं पेन खाली पडलं तर उचलून द्यायचे. गर्दी वाढली की "माझं काही न्हाई, चालू द्या" म्हणून बाहेर उन्हात जाऊन उभे राहायचे.

मागच्या गुरुवारी दुपारी दुकान रिकामं होतं. मी सहज विचारलं, "मामा, आज काय लिहायचं?"

"काई न्हाई माय. सगळं बराबर हाय." मग म्हणाले, "शेंगा लई झाल्या औंदा. भाजल्या की निम्म्या तशाच ऱ्हातेत."

शेंगांचं वाक्य होतं ते, दुसरं काही नाही. पण माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला आणि मला माझी लाज वाटली. तीन वर्षांत मी ह्या माणसाच्या पत्त्याचं टायपिंग किती वेळा केलं असेल! नागपूरचे आले, लातूरचे आले, हैदराबादचे आले. चुकून का होईना, त्याच्या दारात बसून जेवून गेले. आणि मी, तीन किलोमीटरवर राहणारी, हातात स्कूटी असलेली, 'मामा मामा' म्हणणारी, एकदाही गेले नाही. नाक्यावरचं कुणीच गेलं नाही. आम्ही सगळे रस्ता माहीत असणारे.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि शटर ओढलं. "बसा मागं. सायकल राहू द्या इथं."

"कुठं?"

"तुमच्याकडं. शेंगा खायला."

मामा बसले. पण फजिती अशी, की पुढं गेल्यावर डावीकडं दोन वाटा फुटल्या आणि मला कळेना कुठली. तक्रारीत नुसतं 'डावीकडील फाटा' एवढंच लिहीत आले होते मी. ब्रेक दाबून उभी राहिले.

"पुढली," मामा मागून हळूच म्हणाले. "बाभळीजवळची. हळू घे, खड्डा हाय."

आखाडा लख्ख सारवलेला. पडवीत दोन बाजा, दोन्हींवर धुतलेल्या वाकळी. मामा लंगडत लंगडत चुलीकडं निघाले आणि मध्येच थबकले. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या स्कूटीकडं बघितलं. ती कोरड्या जमिनीवर उभी होती, चाक कुठं रुतलेलं नव्हतं, कधीही चालू करून निघता आलं असतं.

"चहा व्हईपर्यंत थांबशील ना माय?" त्यांनी विचारलं.

मी स्कूटीची किल्ली काढली आणि त्यांच्या हातात दिली.